मापापेक्षा एक वाटी जास्त

निवृत्त माणसाकडे कुणी काही सांभाळायला देऊ नये. कुंडी देऊ नये, मांजर देऊ नये, किल्ल्यांचा जुडगासुद्धा देऊ नये. उभी हयात ज्याने समोरचं काम उद्यावर ढकलण्यात घालवली, त्याच्या अंगात निवृत्तीनंतर एकदम कर्तव्य संचारतं, आणि मग ते जो सापडेल त्याच्यावर कोसळतं. आमच्या तागडीसाहेबांचं कर्तव्य खसखशीएवढ्या जिवांवर कोसळलं. त्या बिचाऱ्यांना पळून जायला पायही नव्हते.

तागडीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानात शिरायचं, तागडी उचलायची, पारड्याखाली काही चिकटवलेलं आहे का ते बोटाने चाचपायचं, आणि सापडलं की घसा खाकरून म्हणायचं, "मापात पाप आहे." हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की घरी चहाचा कप जरा कमी भरलेला दिसला तरी तोंडातून तेच यायचं. बायको होती तोवर ती हसून कप भरायची. ती गेली आणि चहा ते स्वतः करायला लागले. आता कप कमी भरला तर बोलायचं कुणाला?

बायको गेल्यापासून त्या घरात बोलणंही मापून होत होतं. लेक आणि बाप, दोघंच. "दूध संपलंय." "बरं." "उशीर होईल." "बरं." आधी जेवेल त्याने दुसऱ्याचं ताट झाकून ठेवायचं. भांडण नव्हतं हो, भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडायला निदान समोरासमोर बसावं लागतं.

लेक खाडीकाठच्या बीज केंद्रात नोकरीला होती. तिथं कालवांचं बी तयार करायचे. कालव म्हणजे शिंपल्यातला जीव, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण तो शिंपल्यात शिरण्याआधी कुणीतरी त्याला वाढवलेला असतो, हे कुणाच्या गावी नसतं. तागडीसाहेबांच्याही नव्हतं. "शिकून सवरून शिंपल्यांची आया झाली," असं ते एकदा सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणाले होते. ते लेकीनेही ऐकलं होतं. ती काही बोलली नाही, आणि तिचं काही न बोलणं तिच्या आईच्या बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

तर अशी ही लेक एका सकाळी टेम्पो घेऊन दारात आली. टेम्पोत एक मोठा टब, खाऱ्या पाण्याचे कॅन, हिरव्यागार पाण्याच्या दोन काचेच्या बरण्या, हवेचा पंप आणि नळ्यांचा गुंता.

"केंद्रातली विजेची वायरिंग जळाली," ती म्हणाली. "दुरुस्त करायचं की केंद्रच बंद करायचं, यावर मुख्य कार्यालयात सुनावणी आहे. मला जावं लागेल. परत येताना पाहणी अधिकारी माझ्याबरोबर येतील. बी जिवंत दिसलं तर केंद्र राहील. नाही दिसलं तर कुलूप, आणि मी मुख्य कार्यालयात फायलींपाशी."

"म्हणजे हे शहर सोडून..." साहेब म्हणाले आणि थांबले. मुख्य कार्यालय लांब होतं. इतकं लांब, की तिथून रात्री कुणी घरी जेवायला येत नाही.

"हे एवढंच बी उरलंय, बाबा. दुसरीकडे कुठं ठेवू? सोबतचे सगळे सुट्टीवर धाडलेत." हे ती अशा आवाजात म्हणाली, की दुसरी कुठलीही जागा असती तर तिने तिथंच ठेवलं असतं.

टब मागच्या गॅलरीत ठेवला गेला, जिथं पूर्वी बायको भांडी घासायची. लेकीने टबातली बारीक जाळीची चाळण उचलून दाखवली. तिच्यावर राखाडी भुकटी पसरली होती. "ही कालवं," ती म्हणाली. साहेबांनी चष्मा पुसून पाहिलं, तरी भुकटीच. मग तिने भिंग दिलं, आणि भिंगातून खरोखरच एकेक इवलासा शिंपला दिसला, त्यावर रेघा, कडेला नखाएवढी तर सोडाच, नखाच्या मळाएवढी झालर. साहेब बराच वेळ भिंगातून मान काढेनात.

"बरणीतलं हिरवं पाणी म्हणजे त्यांचं जेवण," लेक सांगू लागली. "त्यात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं. सकाळी एक वाटी, संध्याकाळी एक वाटी. टबातलं पाणी हिरवट होईल. ती शेवाळ गाळून खातात, मग पाणी हळूहळू नितळ होतं. नितळ झालं की सगळं ठीक आहे असं समजायचं. मग काही करायचं नाही. जेवढं बरणीतून काढाल तेवढंच खारं पाणी आणि या बाटलीतल्या खताचे चार थेंब बरणीत परत घालायचे. बास."

"काही करायचं नाही हे मला शिकवू नकोस. सरकारी नोकरी केलीय मी."

लेक हसली नाही. जिना उतरताना दोनदा वळून पाहिलं तिने, ते बापाकडे नव्हे, गॅलरीच्या दिशेने.

साहेबांनी सकाळची वाटी मापून ओतली. टब हिरवा झाला. दुपारी डुलकी काढून गॅलरीत जातात तो काय, पाणी आरशासारखं नितळ! साहेब खुर्ची ओढून बसले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कुणाला तरी वाढलं होतं आणि समोरच्याने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं होतं. छातीत काहीतरी ऊबदार झालं, ते त्यांना कबूल करायला लाज वाटली, म्हणून त्यांनी पंप नीट चालतोय ना ते उगाच पाहिलं.

आणि मग त्यांना बायको आठवली. वाढताना ती कधी विचारायची नाही. "विचारलं की माणूस लाजेनं नको म्हणतो," तिचं म्हणणं. "ताट रिकामं दिसलं की वाढायचं. पुरे झालं असेल तर खाणारा थोडं ठेवतो ताटात." त्या घरात पोट भरल्याची खूण म्हणजे ताटात ठेवलेला घास. रिकामं ताट म्हणजे भूक. हा कायदा साहेब आयुष्यभर पाळत आले होते, अर्थात खाणाऱ्याच्या बाजूने.

आता समोर रिकामं ताट होतं, आणि एवढ्या हजारो तोंडांना मिळून एक वाटी! साहेबांच्या डोक्यातला निरीक्षक खडबडून जागा झाला. हे तर उघड उघड मापात पाप. आणि एक गोष्ट लक्षात घ्या: कमी दिलं म्हणून त्यांनी किती जणांना दंड केला असेल त्याची गणती नाही, पण जास्त दिलं म्हणून त्यांच्यासमोर एकही आरोपी कधी उभा राहिला नव्हता. तसलं कलमच नव्हतं. त्यांनी आणखी एक वाटी ओतली. संध्याकाळच्या आत तीही फस्त. तेव्हा आणखी एक.

शेजारच्या वहिनी वास घेत आल्या. वहिनींना या जिन्यातलं कुठलंही आजारपण, बाळंतपण आणि कर्ज त्यांच्या सल्ल्याशिवाय पार पडलेलं चालत नसे. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, किती लहान! आणि यांना दोनच वेळा? अहो भाऊजी, तान्ह्या बाळाला कुणी घड्याळ बघून पाजतं का? मागेल तेव्हा द्यायचं!"

"मागणार कसं? तोंड कुठाय त्यांना?"

"म्हणूनच तर! ज्याला मागता येत नाही त्याला जास्त द्यावं लागतं." वहिनींचे डोळे पाणावले. त्यांनी दुधाची पावडर आणून देते म्हटलं. साहेबांनी ती नम्रपणे नाकारली, आणि आपण शास्त्राच्या बाजूने आहोत या समाधानात आणखी दोन वाट्या ओतल्या.

दुसरा आला तो इमारतीचा सेक्रेटरी. हा माणूस बोलायचा कमी आणि नियम जास्त वाचायचा. "घरात प्राणी पाळायचा तर अर्ज लागतो."

"हे प्राणी नाहीत, शिंपले आहेत."

"जिवंत आहेत ना? मग प्राणी. चावतात?"

"नाही."

"भुंकतात?"

"अहो, खसखशीएवढे आहेत!"

"आकाराबद्दल नियमात काही नाही," सेक्रेटरी म्हणाला. "लस टोचलीय का त्याचा दाखला जोडा. आणि फिरवायला नेताना लिफ्ट वापरायची नाही." जाताजाता त्याने टबात डोकावून पाहिलं. त्या वेळी पाणी चांगलं गर्द होतं. "हे एवढं हिरवं का? अति तिथं माती होते साहेब, बघा."

आता सेक्रेटरीचं तोंड म्हणजे सदा कडूच. त्यातून एखादं शहाणपणाचं वाक्य निघालं तरी ते ऐकायचं कुणी? साहेबांनी दार जरा जोरातच लावलं.

इकडे बरण्यांचं काय होत होतं? काढायची एक वाटी आणि घालायची एक वाटी, हा हिशेब शेवाळाला मानवणारा होता. साहेब काढत होते वाट्यावाट्यांनी, आणि तेवढंच खारं पाणी वरून घालत होते. वाढायला वेळच न मिळाल्यामुळे शेवाळ विरळ होत गेलं. गर्द हिरवी बरणी पोपटी झाली, पोपटीची फिकी. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. घरात दाणा नाही आणि ताटं तर रिकामी! लेकीने शेवाळाला उजेड लागतो असं ओझरतं सांगितलं होतं. एवढं आठवलं आणि साहेबांनी दोन्ही बरण्या उचलून गच्चीवर उन्हात नेल्या. लिफ्ट न वापरता नेल्या. अर्ध्या जिन्यात कंबरेत उसण भरली, पण बरणी सोडली नाही.

गच्चीवर नगरपालिकेचा डास-निरीक्षक टाक्या तपासत उभाच होता. त्याला बघून साहेब ओळखीचं हसले. एका निरीक्षकाने दुसऱ्याला बघून हसावं तसं. तो हसला नाही.

"हे काय आहे? साचलेलं पाणी. उघडं. त्यात शेवाळ."

"अहो, हे समुद्राचं पाणी आहे. यात डास होत नाहीत."

"हे डासांना माहीत आहे का?"

"मी स्वतः निरीक्षक होतो. वजनमाप."

"मग तुम्हाला समजावून सांगायला नको," निरीक्षक म्हणाला. "नियम तो नियम. ओळख तिथं चालत नाही." हे वाक्य साहेबांनी शेकडो दुकानदारांना ऐकवलं होतं. आज कळलं की ते ऐकायला इतकं वाईट लागतं. त्यांना त्या क्षणी एका म्हाताऱ्या किराणावाल्याचा चेहरा आठवला, आणि त्याचं म्हणणं आपण पुरतं ऐकून घेतलं होतं का, हे मात्र काही केल्या आठवेना.

ते आठवत होते तेवढ्यात निरीक्षकाने खांद्यावरच्या पिशवीतून बाटली काढली आणि पहिल्या बरणीत औषध सोडलंसुद्धा. दुसरी बरणी साहेबांनी पोटाशी धरली. अक्षरशः मिठी मारली तिला. पायजमा हिरवा झाला.

"ठीक आहे," निरीक्षक म्हणाला. "उद्या घरी येऊन बघतो. असलं पाणी दिसलं तर जप्त."

जप्त! वजनमाप खात्यातल्या माणसाला जप्ती म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. धाड पडणार कळलं की दुकानदार माल कसा रातोरात फिरवतात, हे साहेबांनी उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं. ते कंबर धरत जिना उतरले, गॅलरीत आले. टबातलं पाणी त्या वेळी अजून जरा हिरवंच होतं. पण घाबरलेला माणूस ताट बघत नाही. अन्न सरकारजमा होण्यापेक्षा पोरांच्या पोटात गेलेलं काय वाईट? त्यांनी उरलेली बरणी उचलली आणि अख्खी टबात उपडी केली. "खा," ते म्हणाले. "उद्याचं उद्या बघू."

मग खुर्ची ओढून ते पाणी नितळ व्हायची वाट बघत बसले.

पाणी नितळ झालं नाही. संध्याकाळ झाली, झालं नाही. सकाळ झाली, तेव्हा त्याच्यावर फेस होता. चाळणीवर हिरव्या शेंबडासारखे धागे साचले होते. खाऊन खाऊन नको झालेलं ती पोरं गुंडाळून बाहेर टाकत होती, आणि टाकलेलं तिथंच कुजत होतं. ताटात घास ठेवला होता त्यांनी, चांगला ढीगभर ठेवला होता. साहेबांना ती खूण आता दिसली. निरीक्षक आलाच नाही. म्हणजे ज्याच्या भीतीनं घर जाळलं तो चोर फिरकलाच नाही.

त्यांनी उरलेल्या कॅनमधलं पाणी ओतून चाळण धुतली, पुन्हा धुतली. कॅन संपले. टबापाशी उकिडवे बसून ते चक्क विनवायला लागले. "अरे, उघडा की जरा. नका रे असं करू. माझी लेक लांब जाईल." आणि मग गुडघ्यांवर डोकं ठेवून ते रडले. आधी बायकोसाठीही ते असे रडले नव्हते; त्या वेळी घरात माणसं फार होती.

तेवढ्यात फोन वाजला. "बाबा, सुनावणी बरी झाली," लेकीचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा होता. "आम्ही निघालोय. कशी आहेत? खातायत ना?"

"पोटभर," साहेब म्हणाले.

"पाणी नितळ होतंय?"

साहेबांनी टबाकडे पाहिलं. "होतंय," ते म्हणाले. खोटं माप देणाऱ्याचा आवाज कसा असतो, ते त्यांना ऐकून ठाऊक होतं. तो आज स्वतःच्या घशातून आला.

पाहणी अधिकारी आले ते नाकाला रुमाल लावूनच गॅलरीत शिरले. लेकीला रुमालाची गरज नव्हती. तिने दारातूनच वास घेतला आणि तिचा चेहरा हळूहळू बंद झाला. ती खाली बसली, चाळण उचलली, भिंग लावलं. बहुतेक शिंपले उघडे पडले होते, आत काही नव्हतं.

"जिवंत आहेत का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"साहेब," तागडीसाहेब पुढं झाले. कंबर दुखत होती तरी ताठ उभे राहिले. "चूक माझी आहे. तिने बरोबर माप सांगितलं होतं, ते मी मोडलं. वाटेल ते लिहून देतो. शिक्षा मला करा. केंद्राचा यात काही दोष नाही."

अधिकारी वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर भांडता आलं असतं. "काका, चूक कुणाची याला माझ्या अहवालात जागा नाही," तो हळू म्हणाला. "बी जिवंत आहे की नाही, एवढंच विचारलंय."

लेकीने चाळणीच्या कडेची चिमूटभर भुकटी उचलली, भिंगाखाली धरली. "काही आहेत," ती म्हणाली. "थोडी आहेत अजून."

"'काही' लिहिता येत नाही ताई. आहे किंवा नाही." त्याने थोडा वेळ वाट पाहिली. खरंच पाहिली. मग लिहायचं ते लिहिलं, आणि जाताना चपला अगदी आवाज न करता घातल्या.

लेक ओरडली नाही. साहेबांना वाटत होतं तिने ओरडावं, आदळआपट करावी, सेक्रेटरी धावत येईल इतकी करावी. तिने एवढंच विचारलं, "किती वाट्या घातल्यात, बाबा?"

"मोजल्या नाहीत," साहेब म्हणाले.

तिने तिच्या पिशवीतल्या बाटलीतलं स्वच्छ खारं पाणी काचेच्या पेल्यात ओतलं, जिवंत उरलेली चिमूट त्यात सोडली, पंपाची नळी आत घातली, आणि पेला जेवणाच्या टेबलावर आणून ठेवला.

"त्यांना खायला?" साहेबांनी घाबरत विचारलं.

"काही नाही. आता उपास हेच औषध. जगली तर खाडीत सोडून येऊ. जायच्या आधी."

जायच्या आधी. म्हणजे जाणं ठरलंच. साहेबांनी मान हलवली. आत जाऊन त्यांनी भात लावला, रस्सा केला. भात खाली थोडा लागला. दोन ताटं घेतली आणि आज कुठलंच झाकलं नाही. लेक येऊन समोर बसली. कितीतरी महिन्यांनी त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणूस होतं.

"मी चुकलो," साहेब म्हणाले. "फोनवर खोटंही बोललो."

"कळलं होतं मला फोनवरच," लेक म्हणाली. "आई गेली त्या दिवशीही तुम्ही 'बरी आहे' म्हणाला होतात. तोच आवाज होता." ती खाली बघून जेवत राहिली. "राग आलाय मला बाबा, खूप आलाय. एवढ्यात जाणार नाही तो."

"बरं," साहेब म्हणाले.

तिचं ताट रिकामं झालं. डाव हातात घेऊन साहेब अर्धवट उठले आणि तिथंच अडकले. रिकामं ताट. याचा अर्थ भूक की समाधान, हे या वयात त्यांना कळेनासं झालं होतं. वाढावं तर भीती, न वाढावं तर बायको आठवते. डावातला रस्सा टेबलावर ठिबकायला लागला.

लेकीने मान वर केली. बापाचा तो डाव, तो हिरवा पायजमा, तो चेहरा तिने पाहिला.

"बाबा," ती म्हणाली, "विचारलं तरी चालतं."

साहेबांनी डाव पुढं केला. "वाढू?"

"थोडं."

त्यांनी अर्धा डाव वाढला आणि तिच्याकडे पाहिलं. मग आणखी जरासा.

"पुरे," ती म्हणाली.

तागडीसाहेब थांबले. टेबलावर मधोमध पेल्यातलं पाणी नितळ होतं, आणि त्याला आता काही करायचं नव्हतं.